मृगापासून मृगापर्यंत : इतिहास मंडळाचं एक वर्ष

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



तुमच्यातल्या काहींनी आपापल्या तालुक्याच्या गावी इतिहास मंडळ काढायचं मनावर घेतलं आहे, आणि मला विषय दिला आहे तो असा : असं मंडळ वर्षभर करतं तरी काय? बरं झालं, 'आपला गौरवशाली इतिहास' असा विषय दिला नाहीत. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला काम सांगणार आहे. कुणी करायचं, कधी करायचं, कसं करायचं, आणि त्यात कुठे पाय घसरतो.

वर्ष कुठून मोजायचं?

सुरुवात वर्षापासूनच करू. जानेवारीपासून, पाडव्यापासून की मोहरमपासून? मी म्हणेन मृगापासून. त्याला कारण आहे.

पेशवाईतलं मोडी पत्र हातात घेतलं की त्यावर 'सबैन मया व अलफ' असं काहीतरी दिसतं. शाळेत शिकलेल्या मराठीत हे शब्द नाहीत. पण तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी अरबी गिनती शिकली आहे त्यांना ते लगेच कळतील. सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११७०. हा सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६९ येतं, आणि तारीख जानेवारीनंतरची, पण मृगाच्या आधीची असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे हे पत्र थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातलं.

हे वर्ष चंद्राचं नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणी, पीक आणि सारावसुली यांना जुळणारं वर्ष सरकारला हवं होतं. चौदाव्या शतकात दख्खनमध्ये ही पद्धत सुरू झाली असं मानतात. बहमनी गेली, निजामशाही गेली, आदिलशाही गेली, तरी मराठ्यांच्या दप्तरात ती चालूच राहिली. आता त्या एका ओळीकडे नीट पाहा. लिपी मोडी, भाषा मराठी, आकडे अरबी, लिहिणारा बहुधा ब्राह्मण कारकून आणि वर्ष शेतकऱ्याच्या मृगाचं. आपण या मातीत कधी आलो, आपले कोण, परके कोण, यावर फोनवर रात्रभर वाद घालणाऱ्यांना ही एक ओळ वाचता येत नाही. त्यांना येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. मंडळाचं काम इथून सुरू होतं.

पुण्याचा आणि धुळ्याचा धडा

महाराष्ट्रात अशा कामाचा नमुना शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्याच्या बारा वर्षं आधी, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला होता. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं त्यात आहेत. माणूस गावोगाव हिंडायचा, वाड्यातली दप्तरं सोडवायचा, नकला करायचा. या मालेचे पुढे बावीस खंड झाले.

मंडळाने काय केलं? तीनच गोष्टी केल्या. कागद जमवले, सभेत वाचले आणि छापले. छापील वृत्तात कोणी कोणता कागद आणला, कुठून आणला, सभेत काय चर्चा झाली, ते यायचं. दिसायला रुक्ष काम आहे. त्यातून काय घडतं, त्याचं एकच उदाहरण देतो.

भोरजवळच्या कारी गावी जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. शकावली म्हणजे सालवार घडामोडींची टिपणं. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात छापली गेली. तोवर शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ असं धरलं जात होतं. या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, दुसरे पुरावे पुढे आले, आणि अखेर महाराष्ट्र शासनानेही तीच तारीख स्वीकारली. आज त्या दिवशी राज्यभर सुट्टी असते. तिची मुळं एका गावातल्या घरात जपलेल्या टिपणात आणि एका संस्थेच्या संमेलनवृत्तात आहेत.

दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. राजवाडे पुढे पुणं सोडून धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. लगेच १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि त्यांचा संग्रह सांभाळला. राजवाड्यांची मतं आपल्यातल्या अनेकांना पटणार नाहीत. जातीबद्दल, मुसलमानांबद्दल त्यांनी लिहिलेल्या गोष्टींवर मराठीतल्याच विद्वानांनी कडक टीका केली आहे. ती वाचा. पण त्यांनी जमवलेले कागद त्यांच्या मतांना बांधलेले नाहीत. त्यांच्याशी भांडायचं असेल तरी त्यांचेच खंड उघडावे लागतात. जमवणाऱ्याचं मत काहीही असो, कागद टिकला तर पुढचा माणूस तो नव्या डोळ्यांनी वाचू शकतो. तो जळला, विकला, वाळवीने खाल्ला, तर मग नुसती मतंच उरतात.

पावसाळा : शिकायचे चार महिने

जून ते सप्टेंबर हिंडता येत नाही. हे महिने शिकण्याचे.

सात-आठ जण जमलात की कामं वाटून घ्या. दोघांनी मोडी शिकायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत होते, त्यामुळे तुमच्या गावात एखादे वृद्ध गुरुजी किंवा निवृत्त तलाठी अजून मोडी वाचणारे सापडतील. त्यांच्याकडे आधी जा, कारण वाट पाहायला वेळ नाही. बाराखडी बसायला महिनाभर लागतो, पण धावतं अक्षर वाचायला वर्ष जातं. धीर सोडायचा नाही. दोघांनी फारसी घ्यायची. ज्याला उर्दू वाचता येतं त्याला फारसीची लिपी ओळखीची असते आणि निम्मे शब्दही ओळखीचे असतात. राहिलेल्यांनी कालगणना, नकाशे, फोटो आणि हिशोब सांभाळायचा.

फारसी शिकून काय करायचं, असं कुणी विचारेल. ग. ह. खरे पुण्याच्या मंडळात काम करता करता फारसीत पारंगत झाले. 'ऐतिहासिक फार्सी साहित्य' या मालेत त्यांनी मूळ फारसी कागद आणि त्यांचं मराठी भाषांतर छापलं. सेतुमाधवराव पगडींनी मोगलकालीन फारसी साधनं मराठीत आणली. या दोघांचं ऋण मान्य करू आणि मग स्वतःला विचारू : ज्या घरांत उर्दू आजही बोलली जाते, कुठे कुठे फारसी वजिफे आजही पाठ आहेत, त्या घरांतून या कामाला किती जण गेले? नाव घेण्यासारखे लोक आहेत. डॉ. यू. म. पठाण संतसाहित्याचे मोठे अभ्यासक होते आणि १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण रांग लांब नाही. तिच्यात उभं राहायला जागा भरपूर आहे.

पावसाळ्यातलं आणखी एक काम म्हणजे आधी काय छापलं गेलंय ते पाहणं. आपल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर काढा. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ खंड आहेत. त्यांत आपल्या गावाचं नाव शोधा. दख्खनमधले अरबी-फारसी शिलालेख पुरातत्त्व खात्याने गेल्या शतकभरात टप्प्याटप्प्याने वाचून छापले आहेत. तुमच्या मशिदीवरचा लेख कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी वाचून ठेवला असेल. तो नव्याने 'शोधून काढल्याची' बातमी पेपरला देण्याआधी एवढं पाहिलेलं बरं.

दर पंधरा दिवसांनी एक बैठक घ्या. तीत भाषण नको. एकच कागद समोर ठेवायचा, तो मोठ्याने वाचायचा, अडलेला शब्द फळ्यावर लिहायचा. कोण आलं, काय वाचलं, काय अडलं ते वहीत टिपायचं. तुमच्या मंडळाचा इतिहासही त्या वहीतूनच लिहिला जाईल.

थंडी : दगड आणि दप्तरं

दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडायचं. गवत वाळलेलं असतं, ऊन तिरपं असतं.

पहिले दोन महिने दगडांचे. मशीद, दर्गा, ईदगाह, विहीर, वेस, किल्ला आणि कब्रस्तान. दगडावरची अक्षरं नीट दिसत नसली की लोक त्यावर खडू, पीठ, तेल, रंग चोळतात. असं करू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. रात्री गेलात तर बॅटरी बाजूने धरा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. कागदाचा ठसा घ्यायची जुनी पद्धत आहे. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा आणि वाळत आला की शाई लावायची. पण ते जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नका. संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

कबरीवरचं हिजरी साल इसवीत आणायची सोपी रीत सांगतो. हिजरी वर्ष चंद्राचं, म्हणून सुमारे अकरा दिवसांनी लहान. सालाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. मलिक अंबरचं निधन हिजरी १०३५ मधलं. गुणून १००४ येतात, त्यात ६२२ मिळवले की १६२६. हाच अंबर खुलदाबादला दफन आहे. त्याने खडकी वसवली, तिचं पुढे औरंगाबाद झालं, आणि तिथली नहर आजही लोक दाखवतात. काही लेखांत साल आकड्यांत नसतं, ओळीत लपवलेलं असतं. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार, अशी अबजदची किंमत मांडून अक्षरांची बेरीज करायची. ज्यांना उर्दू येतं त्यांना हे कोडं सोडवताना मजा येईल.

मग कागद. हे जास्त नाजूक काम, कारण कागद लोकांच्या घरात आहेत. मुजावर, काझी, खतीब, मुलाणी, देशमुख, पाटील, कुलकर्णी, वतन नसलेला पण जुना दुकानदार. पेटीत, माळ्यावर, कुराणाच्या जुन्या जुझदानात, गादीखाली. तुम्ही दारात गेलात की पहिला प्रश्न येणार, 'कागद कशाला हवेत?' हा संशय आजचा नाही. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं. त्याच्यापुढे सनदा दाखवून हक्क सिद्ध करावा लागत होता, आणि अनेकांच्या जमिनी गेल्या. तेव्हापासून घराघरांत शिकवण आहे की कागद परक्याला दाखवायचा नाही. शिवाय आज जमिनीला भाव आहे, भावाभावांत दावे आहेत, वक्फचे वाद आहेत.

म्हणून नियम पक्के ठेवा. मूळ कागद घराबाहेर न्यायचा नाही. मालकासमोर फोटो काढायचा आणि एक प्रत त्यांनाही द्यायची. कागद कोणाचा, कुठे पाहिला, कोणत्या तारखेला, कोण हजर होतं, ते लिहायचं. छापायचं असेल तर पुन्हा विचारायचं. नाही म्हणाले तर नाही. चालू दाव्यातला कागद असेल तर त्यातलं शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि आपल्या वडीलधाऱ्यांना एवढं समजावून सांगायचं : लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा. पेशवे दफ्तरात कागदांच्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. हा फारसी शब्द आहे. आजीच्या हाताने बांधलेला रुमाल अनेकदा दुकानातल्या फाइलीपेक्षा बरा.

हे कागद फक्त विद्वानांसाठी नाहीत, हेही लक्षात ठेवा. जातीचा दाखला काढताना आपल्या बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन घरांतली मुलं-मुली कशी फिरतात ते तुम्ही पाहिलंय. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो कुठे असतो? शाळेच्या जनरल रजिस्टरात. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, ज्याला गाव नमुना चौदा म्हणतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तुमच्या मंडळात दोघांना मोडी येत असेल, तर कॉलेजच्या प्रवेशाआधी एखाद्या मुलीचं वर्ष वाचू शकतं. मात्र नोंदीत जे आहे तेवढंच वाचायचं. नसलेलं वाचून दाखवलंत तर तिचंही नुकसान होईल आणि तुमच्या मंडळावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

उरूस, मोहरम आणि घरातली माणसं

काही कामाला ऋतू नसतो, कारण ते चंद्रावर चालतं. गावचा उरूस, मोहरमच्या सवाऱ्या. मान कोणाचा, निशाण कोण धरतं, संदल कोणत्या गल्लीतून जातो, पंजे कोणाच्या घरी बसतात, याची सालागणिक नोंद ठेवा. मराठी मुलखातल्या कितीतरी गावांत सवारीचा मान हिंदू घरांकडे आहे. तो का आहे, कधीपासून आहे, हे त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. काही ठिकाणी तो मान आता बंद पडला असेल. तेही विचारा आणि उत्तर जसं मिळेल तसं लिहा.

आणि कृपा करून फक्त पुरुषांना विचारू नका. कागद बहुतेक पुरुषांच्या नावाचे असतात. वतन, इनाम, सनद, सगळं. घरात कोण कुठून लग्न होऊन आलं, दुष्काळात काय खाल्लं, प्लेगात कुठे राहिलो, रझाकारांच्या काळात आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या घरांवर काय गुजरलं, गिरणीत कोण गेलं, आखातात पहिला कोण गेला, हे दादी-नानी सांगतात. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. एवढं मोठं साहित्य कुठल्या दप्तरात नव्हतं, ते बायकांच्या तोंडी होतं. आपल्या घरांतली लग्नातली ढोलकीची गाणी, दखनीतल्या म्हणी, पाळणे हे सगळं त्याच मोलाचं आहे. हे काम मुलींनी पुढे होऊन करावं, कारण खालाच्या स्वयंपाकघरात त्यांना जे ऐकायला मिळेल ते मुलांना मिळणार नाही. फोनवर रेकॉर्ड करताना आधी सांगा, नाव द्यायचं की नाही ते विचारा, आणि त्याच आठवड्यात उतरवून काढा. फोन हरवतात.

उन्हाळा : लिहायचं आणि छापायचं

मार्च ते मे. आता हिंडणं बंद. जमलेलं लिहून काढायचं.

बहुतेक मंडळं इथे बुडतात. फोटो हजारभर जमतात, ते तिघांच्या फोनमध्ये पडून राहतात, एक जण नोकरीला बाहेरगावी जातो आणि सगळं विखुरतं. म्हणून पहिल्या वर्षी महत्त्वाकांक्षा लहान ठेवा. दहा शिलालेख, वीस कागद, पाच मुलाखती आणि बत्तीस पानांचं एक वार्षिक वृत्त. प्रत्येक कागदाची मूळ वाचना, साल, सोप्या मराठीत अर्थ, कुठे मिळाला ते आणि अडलेल्या शब्दांची यादी. जिथे वाचता आलं नाही तिथे टिंबं ठेवा. टिंबं ठेवण्यात कमीपणा नाही. मनाने शब्द भरण्यात आहे.

त्याच्या प्रती गावच्या वाचनालयाला, जिल्हा ग्रंथालयाला, जवळच्या कॉलेजला, पुण्याच्या आणि धुळ्याच्या मंडळांना पाठवा. ज्यांनी कागद दाखवले त्या प्रत्येक घरी प्रत स्वतः नेऊन द्या. पोस्टाने नको. तुम्ही ती प्रत घेऊन गेलात की पुढच्या वर्षी शेजारचं घर आपणहून पेटी उघडेल. मग मेच्या अखेरीस शाळेच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन भरवा. सगळ्या गावाला बोलवा, फक्त मोहल्ल्याला नको.

कागद आपल्या विरुद्ध निघाला तर?

आता मला जे खरं बोलायचं होतं त्यावर येतो.

तुम्ही हे काम का करायला निघालात, ते मला माहीत आहे. रोज काहीतरी फिरतं. आपल्या नावाने, आपल्या बापजाद्यांच्या नावाने. ते वाचून रक्त तापतं. मग आपल्यातलं कुणीतरी उलट काहीतरी पाठवतं. शिवाजी महाराजांच्या फौजेत इतके टक्के मुसलमान होते, अमुक इतके सरदार होते, नावांची लांबलचक यादी. आपण खूश होतो आणि पुढे पाठवतो. ते टक्के कोणत्या कागदावरून काढले? कुणी विचारत नाही.

यादीतली सगळी नावं सारखी पक्की नसतात. आरमारातल्या दौलतखानाचं नाव १६७९ च्या खांदेरीच्या लढाईच्या वेळच्या इंग्रजांच्या पत्रांत येतं. ते लोक त्याच्याशी समुद्रावर लढत होते, त्याला मोठं करायचं त्यांना कारण नव्हतं. हा पुरावा. पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने तोफखाना आणि गारद्यांच्या पलटणी घेऊन उभा होता. त्यालाही कागद आहेत. पण यादीतल्या काही नावांना समकालीन आधार मिळत नाही आणि टक्केवारीला तर मुळीच नाही. एका खोट्या आकड्यामुळे खऱ्या दौलतखानावरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याच्या दाव्याला जी चाळणी लावता तीच आपल्या दाव्याला लावा. इतिहास मंडळ काढायचं तर ही अट मान्य हवी.

उद्या तुम्हाला असा कागद मिळेल की गावच्या दर्ग्याला मराठा राजाने इनाम दिलं. तो तुम्ही आनंदाने छापाल. परवा असा मिळेल की एका मोगल किंवा आदिलशाही अंमलदाराने गावच्या देवळाचं उत्पन्न तोडलं. तो छापाल? तेरवा असा मिळेल की आपल्याच जमातीतल्या वजनदार घराने विधवेचा वाटा दाबला, किंवा पिंजाऱ्याला पुढच्या रांगेत बसू दिलं नाही. आणि त्या घरातला नातू तुमच्या मंडळाचा खजिनदार असेल. तेव्हा काय कराल?

तो छापायचा, असं माझं उत्तर आहे. घाईने नाही, कुणाला उघडं पाडायला नाही. इतर कागदांशी ताडून, त्या काळात सत्ता कशी चाले ते सांगून, आणि हयात माणसांची अब्रू सांभाळून. पण दडपायचा नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या अंमलदाराने जे केलं त्याचा जाब तुम्ही-आम्ही द्यायचा नसतो. त्याचा कागद लपवलात, तर मात्र लपवल्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

जुन्या महजरांत एक चांगली रीत दिसते. महजर म्हणजे वादाच्या निवाड्याचा कागद. शब्द अरबी आहे, त्यात 'हजर' आहे. गोतसभेत कोण कोण हजर होतं त्यांची नावं त्यात येतात. देशमुख, पाटील, बलुतेदार, आणि कित्येक गावांत त्यांच्यात मुलाणीही. वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहिलेलं असतं. हरलेल्याचंही. त्या गावाला सगळे समान होते असं मी म्हणत नाही. तसं नव्हतं. पण कागदावर हरलेल्याची बाजूही राहिली म्हणून आज आपण तो वाद समजू शकतो.

सात जण पुरे

शेवटी व्यवहाराचं. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याने किमान सात माणसं लागतात. पहिलं वर्ष नोंदणीच्या मागे घालवू नका. आधी पंधरवड्याच्या बैठका सुरू करा, वही घाला, वृत्त काढा. वर्षभर टिकलात तर नोंदणी करा. सातांत सगळे मुसलमानच हवेत असं नाही. ज्या गुरुजींकडे मोडी शिकाल त्यांना अध्यक्ष करा, ते कोणीही असोत. दोन तरी मुली कार्यकारिणीत असू द्या. पैशाचा हिशोब वहीत, महिन्याच्या महिन्याला. आमदारांचा फोटो वृत्ताच्या मुखपृष्ठावर नको.

आज घरी गेलात की एक करा. घरात सगळ्यात मोठं जे कोणी असेल, दादा, दादी, नाना, कुणीही, त्यांना विचारा की आपल्याकडे जुना कागद आहे का. असेल तर हात धुऊन, खिडकीजवळ ठेवून फोटो काढा आणि मागे तारीख लिहून ठेवा. नसेल तर त्यांच्या आजोबांचं नाव, गाव आणि धंदा विचारून लिहा. येत्या मृगाला पहिल्या बैठकीला येताना तेवढं घेऊन या. वाचायला आपण तिथून सुरुवात करू.